वीस हजारांचा जीपीएस, ज्यात जीपीएसच नव्हता

आधीच सांगतो, मी काल बाईक शिकलेलो नाही. अकरा वर्षं लांबचे दौरे करतोय. तरीही बाईकवर लावायचा वापरलेला जीपीएस म्हणून १७,५०० मोजून जे आणलं ते निघालं जाड रबरी कव्हरात बसवलेलं, फक्त वायफायवर चालणारं टॅब्लेट. आत जीपीएसचा रिसीव्हरच नाही.

विकणाऱ्याची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. अपघात झाला, बाईक विकली, यंत्र दोनदाच वापरलंय. नामांकित कंपनीचं खोकं होतं, बिल होतं, बिलावरचा सिरियल नंबर खोक्याशी जुळत होता. मी जुळवून पाहिला हो! फक्त सेटिंगमध्ये जाऊन यंत्राच्या आतला नंबर पाहिला नाही. तो पाहा. खोकी कुठेही मिळतात.

आता जे आठवलं की अजून कान गरम होतात, ते. ‘उन्हात स्क्रीन नीट दिसायची नाही’ म्हणत त्याने मला बेसमेंटच्या पार्किंगमध्ये नेलं. बाईकवर लावायचं यंत्र, आणि उन्हात दिसायचं नाही! तिथे चालू केल्यावर चार सेकंदांत नकाशावर आमची जागा हजर. मी काय म्हणालो? ‘वा, फास्ट आहे.’ डोक्यावर काँक्रीटचे मजले, उपग्रह वीस हजार किलोमीटर वर. बंद ठेवलेल्या रिसीव्हरला मोकळ्या आभाळाखालीही साधारण अर्धा मिनिट लागतो, कारण उपग्रह आपली कक्षा दर ३० सेकंदांनी एकदा सांगतो. हे मीच चार जणांना शिकवलंय. त्याच्या खिशातल्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू होता आणि आसपासच्या वायफायवरून अंदाजे जागा दिसत होती. ठिपक्याभोवतीचं भलंमोठं निळं वर्तुळ मला दिसलं होतं. पडद्याला बोट लावायला त्याने ग्लोव्ह काढला, तेही दिसलं होतं; बाईकचं यंत्र तर ग्लोव्ह घालूनच चालायला हवं.

वर ‘आजीवन नकाशे ट्रान्सफर’चे १,८५०, चोरीपासूनचा पिन काढायचे ६५०. आजीवन नकाशे त्या यंत्रालाच बांधलेले असतात, ट्रान्सफर कसली? एकूण बरोब्बर २०,०००. सुटे शोधायचीही वेळ आली नाही.

‘ट्रॅफिक दिसायला मोबाईलशी जोडून ठेवा’ असं तो म्हणाला होता, म्हणून वस्तीत सगळं ठीक चाललं. वस्ती संपली आणि ठिपका शेवटच्या घरापाशी थिजला. मी ४० किलोमीटर पुढे. मग साधी भुरभुर आली आणि काचेच्या आत वाफ. मागे स्टिकर आयपीएक्स७चं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवं. स्टिकर छापता येतो.

पोलिसांनी आधी विचारलं, ‘मोबाईल असताना हे कशाला घेतलं?’ मग हद्दीचा वाद. माझी हद्द, त्याची हद्द, बेसमेंटची हद्द. तिसऱ्या फेरीला अर्ज घेतला, त्यावर ‘वस्तू सदोष निघाली’ लिहिलं. सदोष नाही साहेब, ती वस्तूच नाही! बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवलेत. कंपनीने सांगितलं, हा नंबर दुसऱ्याच्या नावावर आहे, कोणाच्या ते सांगता येत नाही. जाहिरातवाल्यांना सात मेल केले, सातही वेळा तेच आपोआप आलेलं उत्तर.

रोख द्या किंवा ऑनलाइन, पण आधी त्याचा मोबाईल विमान मोडवर टाकायला लावा आणि यंत्र घेऊन एक चक्कर मारा. तो कुरकुरला तर उठा.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. अपघात तोच, फोटो तोच. किंमत १८,००० केली आहे.