नदी वाचवायला कोणता कायदा मागायचा? अमेरिका, न्यूझीलंड की भागीरथी

गावाकडनं मावसभावाचा फोन. "दादा, नदीसाठी निवेदन करतोय, पोरं म्हणतायत न्यूझीलंडसारखा माणसाचा दर्जा मागू." मी म्हटलं आधी सांग भीती कशाची आहे, धरणाची, वाळूची की कंपनीच्या पाण्याची, कारण त्यावरच सगळं ठरतं. तो म्हणाला वरच्या अंगाला धरणाचा सर्व्हे झालाय. मग अमेरिकेचा, न्यूझीलंडचा आणि आपल्याकडे भागीरथीला (उत्तराखंडातला गंगेचा वरचा प्रवाह) लावलेला, असे तिन्ही कायदे शेजारी शेजारी ठेवून बघितले.

मला स्वतःला अमेरिकेचा जास्त पटतो. वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स अ‍ॅक्ट, 1968 चा. सुरुवात 8 नद्यांपासून, आता 200 च्या वर. नदीचा जो पट्टा यादीत गेला तिथे फेडरल म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कमिशनने नव्या जलविद्युत धरणाला लायसन्स द्यायचंच नाही, आणि बाकीच्या फेडरल खात्यांनी पण नदीची वाट लावणाऱ्या पाण्याच्या प्रकल्पाला पैसा किंवा मदत द्यायची नाही, बस्स. वाइल्ड (जंगली), सीनिक (निसर्गरम्य), रिक्रिएशनल (विरंगुळ्याचा) असे तीन वर्ग आहेत, ते काठावर रस्ते-घरं किती यावरून पाडलेत, धरणबंदी तिघांना सारखीच, त्यामुळे रिक्रिएशनल म्हणजे कच्चा दर्जा असं समजू नका.

मी राहतो न्यू जर्सीत, डेलावेअर नदी इथून तास-दीड तासावर. तिच्यावर टॉक्स आयलंडचं धरण 1962 ला मंजूर झालं, जमिनी घेतल्या, माणसं उठवली, आणि मग विरोध इतका वाढला की 1978 ला तो पट्टा या यादीत गेला नि धरण बारगळलं. ओल्ड माइन रोडने गेलात तर अजून झाडीत बंद घरं दिसतात. धरण झालंच नाही पण धरणग्रस्त झाले, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजवायला नको.

खोट काय, तर देशातल्या एकूण नद्यांच्या लांबीपैकी अर्धा टक्का पण यादीत नाही, आणि काठावरच्या खासगी जमिनीवर काय बांधायचं ते बहुतेक स्थानिक टाउनशिपच (तिथली ग्रामपंचायत-नगरपालिका म्हणा) ठरवते.

न्यूझीलंडची वांगानुई, 2017. नदी डोंगरापासून समुद्रापर्यंत एक जिवंत, कायद्याने व्यक्ती, तिच्या वतीने बोलायला दोन पालक, एक सरकारने आणि एक नदीकाठच्या माओरी (तिथले मूळ रहिवासी) लोकांनी सुचवलेला. ऐकायला भारी वाटतं आणि आहेच भारी, कारण मागे दीडशे वर्षांची भांडणं आहेत. पण वरचं पाणी वीजप्रकल्पाला वळवलेलं होतं ते कायदा आल्यावरही वळतच राहिलं. आपल्याकडे त्याच वर्षी उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं आणि साडेतीन महिन्यांत सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. म्हणजे निवेदनात नुसता हा दर्जा मागून फारसं काही हाती लागेलसं मला वाटत नाही.

भागीरथीचं उदाहरण आपल्या सगळ्यात जवळचं. गंगेसाठी लढणारे प्रा. जी. डी. अग्रवाल उपोषणाला बसले, 2010 ला तिच्यावरच्या लोहारीनाग-पाला या 600 मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाचं काम चालू असताना रद्द झालं, मग डिसेंबर 2012 ला गोमुख ते उत्तरकाशी साधारण 100 किलोमीटरचा पट्टा इको सेन्सिटिव्ह झोन (पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जपायचा भाग) झाला आणि मोठे जलविद्युत प्रकल्प तिथे बंद. हे 1986 च्या पर्यावरण कायद्याखाली होतं, नवा कायदा लागत नाही, हा फायदा. तोटाही तोच, नोटिफिकेशन आहे, दुसऱ्या नोटिफिकेशनने सैल होतं, 2018 ला झालंच तसं. महाराष्ट्रात तर नद्यांच्या काठी कारखाने किती लांब हवेत हे सांगणारं आरआरझेड (रिव्हर रेग्युलेशन झोन) धोरण 2015 मध्ये सरळ रद्दच केलं.

म्हणून भावाला सांगितलंय की मागायचा तो इको सेन्सिटिव्ह झोन, मजकूर अमेरिकेसारखा रोखठोक ठेवा, आणि वांगानुईकडून फक्त पालकांची आयडिया उचला, म्हणजे समितीत दोन माणसं ग्रामसभेने निवडलेली. आणि हो, "नदी आमची आई" ही एक ओळ राहू द्या, पण उरलेल्या दोन पानांत कुठल्या पुलापासून कुठल्या संगमापर्यंत, काय बंद, आणि परवानगी नाकारायची ती कुठल्या खात्याने, एवढं गट नंबरांसकट लिहा. नकाशा तलाठ्याकडून घ्या, गूगलचा जोडू नका.