हॉब्सन-जॉब्सन डिक्शनरी: इंग्रजीतलं 'पकरो' कुठून आलं ते हितं सापडतं

इंग्रजीत 'पकरो' नावाचं क्रियापद आहे, खोटं नाही सांगत, स्पेलिंग पी यू सी के ई आर ओ डब्ल्यू, अर्थ धरणं, ताब्यात घेणं. पॉकेट डिक्शनरीत शोधूच नका, त्याला हॉब्सन-जॉब्सनच लागतं, म्हणजे हिंदुस्थानातल्या साहेबांच्या इंग्रजीत शिरलेल्या इकडच्या शब्दांचा कोश. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल ह्या दोघांचं काम, 1886 ला आलं, मग 1903 ला विल्यम क्रूकनं वाढवलं.

खरी मजा क्रियापदांची आहे बगा. हिंदीतलं हुकूम द्यायचं रूप जसंच्या तसं उचललं आन् इंग्रजी क्रियापद केलं. पकडाओचं पकरो, फुसलाओचं फूझिलो, लगाओचं लगो म्हणजे नाव काठाला लावणं. मला विचाराल तर साहेबाला आपली भाषा हुकूम सोडण्यापुरतीच लागायची, दुसरं रूप कानावर पडणार कुठून? आपल्या इकडं जालना, हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या छावण्या होत्या, तिथं पण असंच इंग्रजी चालत असणार.

सगळ्यात भारी नोंद 'डमकाउ'ची. अर्थ दरडावून गप्प करणं. आपल्याला वाटणार की हे धमकावणंच, पण यूलसाहेब म्हणतात की 'दम खाना' म्हणजे गप्प राहणं, त्याचं दुसऱ्याला गप्प करणं झालं, आन् इंग्रजीतल्या डम म्हणजे मुका आणि काउ म्हणजे दबवणं ह्या शब्दांच्या आवाजानं अर्थ अजून तिकडंच ओढला गेला. पटतंय, पण आपल्याकडं दम खा म्हणजे जरा थांब की, आन् दम देणं म्हणजे सरळ धमकी, त्यामुळं मराठी माणूस ह्या नोंदीवर यूलसाहेबांशी भांडणारच.

1866 च्या एका नाटकाचा दाखला पण दिलाय, त्यात प्रेमवीर म्हणतो मी आता कच्चा नाही, पक्का झालो, मग पकडू दे की. लै हसलो.

पुस्तकाचं नाव मोहरमच्या 'या हसन, या हुसैन'वरून, गोऱ्या शिपायांच्या तोंडी त्याचं हे झालं. गावात सवारी बघितलेल्याला हे वेगळं समजावायची गरज नाही.

स्पेलिंग मात्र डोक्याला ताप, शब्द त्या काळच्या साहेबी कानानं लिहिलेत, अंदाजानंच शोधायचं. शिवाय हजाराच्या वर पानं, झोपून वाचायचं काम नाही. स्पर्धा परीक्षेच्या व्होकॅबसाठी घेत असाल तर पैसे वाया, ह्यातलं एक क्रियापद पेपरला येणार नाही. नुसता नाद म्हणून वाचायचं असेल तर शिकागो विद्यापीठाच्या साईटवर फुकट आहे, आधी तिथं चाळा, मोल्सवर्थचा मराठी कोश पण तिथंच भेटतो. माझ्याकडून साडेचार स्टार.