खानदेशच्या रस्त्यांवर परफॉर्मन्स समर टायर: स्विफ्टवरचा वापरानंतरचा अनुभव

माझ्या झेडएक्सआय स्विफ्टला कंपनीकडून १८५/६५ आर १५ मापाचे (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायर आले होते. ते झिजल्यावर मी १६ इंची अलॉय रिम घेऊन त्यांवर १९५/५५ मापाचे परफॉर्मन्स समर टायर, म्हणजे उष्ण हवामानासाठीचे आणि पकडीवर भर देणारे टायर, बसवले. त्यानंतर अख्खा उन्हाळा आणि पावसाळा जळगाव–धुळे महामार्ग, चाळीसगावहून चढणारा कन्नड घाट आणि रावेर-यावलकडचे केळीपट्ट्यातले रस्ते यांवर गाडी चालवून हे लिहीत आहे.

या दोन्ही मापांचा बाहेरचा व्यास जवळपास ६२१ मिलिमीटर भरतो, त्यामुळे स्पीडोमीटरच्या आकड्यात फरक पडत नाही. खरी बघण्याची गोष्ट म्हणजे लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा. जुन्या मापाचा तो ८८, म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलो. नव्या मापात दुकानदार सहसा ८७ चा, म्हणजे ५४५ किलोचा टायर पुढे करतात आणि एवढ्याने काय होते म्हणतात. पाच माणसे आणि डिकीत गव्हाची पोती घेऊन गावाहून परतणाऱ्याला त्याने फरक पडतो. मी ९१ इंडेक्सचा, जादा मजबुतीचा टायर मागवून घेतला. त्याची ६१५ किलोची पूर्ण क्षमता मिळण्यासाठी हवाही जास्त लागते, हे मात्र ध्यानात ठेवावे. साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचे, निर्मितीच्या आठवड्याचे आणि वर्षाचे चार आकडे मी बसवण्याआधी वाचले, आणि एका दुकानातून आलेला जुन्या तारखेचा संच तिथूनच परत केला.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि त्या दिवसांत जो तो सांगतो की हवा थोडी कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल. हा सल्ला उलटा आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्या वाकण्यातून आतल्या आत उष्णता वाढते आणि वेगात टायर फुटण्याचे हे एक मोठे कारण असते. मी पहाटे, गाडी हलवण्यापूर्वी, दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा तपासतो. महामार्गावर तासभर चालल्यावर तोच टायर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. ती वाढ टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेली असते, म्हणून तापलेल्या टायरची हवा सोडू नये. दुपारी गाडी अर्धी निंबाच्या सावलीत आणि अर्धी उन्हात उभी असेल, तर उन्हाकडच्या दोन चाकांचा आकडा वेगळा येतो, हेही पाहिले आहे. या टायरचा वेगनिर्देशांक व्ही, म्हणजे ताशी २४० किलोमीटरचा. एवढ्या वेगाने पारोळ्याला कोणीच जात नाही. पण त्या वेगाची उष्णता सोसण्यासाठी केलेली बांधणी आपल्या उन्हातही कामास येते.

पैसे वसूल झाले ते मात्र पावसाळ्यात. काळ्या मातीच्या शेतातून ट्रॅक्टर डांबरीवर चढला की चाकांचा चिखल पुढे बऱ्याच अंतरापर्यंत पट्ट्यांनी पडतो आणि पहिल्या भुरभुरीत त्याचे लोण्यासारखे होते. एरंडोलच्या पुढे अशाच पट्ट्यावर पुढच्या पिकअपने अचानक वेग कमी केला, तेव्हा ब्रेकच्या पेडलखाली एबीएसची (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर क्षणभर जाणवली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. चिखलावर कोणताही टायर भरवशाचा नसतो, हे खरे. तरी ओल्या डांबरावर सिलिकायुक्त रबराची पकड आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद उभ्या खाचा यांचा फरक स्टिअरिंगवर स्पष्ट कळतो. कन्नड घाटाच्या वळणांवर पूर्वी गाडी बाहेरच्या बाजूला ओढत असे. आता ती वळवावी तशी वळते.

याची किंमतही मोजावी लागते. साइडवॉलची उंची सुमारे १३ मिलिमीटरने कमी झाली आहे, आणि सावद्याकडच्या खड्ड्यांतला प्रत्येक दणका थेट कमरेत येतो. वेगात खड्डा बसला तर साइडवॉलला फुगा येण्याची धास्ती कायम असते. खडबडीत डांबरावर आवाज वाढला, ॲव्हरेज किंचित उतरले आणि पुढच्या दोन टायरची झीज मूळ टायरपेक्षा लवकर दिसू लागली. खाचांतली झिजेची मर्यादा दाखवणारी १.६ मिलिमीटरची खूण उघडी पडेपर्यंत थांबायचा माझा विचार नाही, कारण ज्या ओल्या पकडीसाठी हे टायर घेतले ती त्याआधीच कमी होते. ज्यांची गाडी बहुतेक शहरातच फिरते, त्यांनी मूळ मापातच चांगला टायर घ्यावा. या खर्चाचे त्यांना काही मिळणार नाही.

स्टेपनी जुन्याच मापाची आहे, म्हणून ती मी फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत आणि सावकाश चालवतो. बाभळीच्या काट्याने झालेले पंक्चर काढून घेताना एका दुकानात टायर रिमवर उलटा चढवला गेला होता. ट्रेडचा (रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या पट्ट्याचा) आतला आणि बाहेरचा भाग वेगळा असणाऱ्या अशा टायरवर ‘आउटसाइड’ असे कोरलेले असते, आणि ती अक्षरे बाहेरून वाचता आली पाहिजेत. पैसे देण्याआधी खाली वाकून ती मी आता स्वतः बघतो.