लॅव्हेंडर: बी पेरावं की कटिंग लावावं?

पुण्यात गच्चीवर मी दोन्ही करून पाहिलंय. बियांच्या बाजूने बोलायचं तर पाकीट स्वस्त मिळतं आणि घरात आधीचं झाड असावं लागत नाही. फ्रिजमध्ये ओलसर कागदात तीन-चार आठवडे ठेवून मग मातीवर नुसतं भुरभुरलं, तर उगवण बरी होते. बी खोल पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो.

पण उगवण एकदम होत नाही. काही बिया पंधरा दिवसांत फुटतात, काही महिना उलटला तरी तशाच. मला सगळ्यात जाच झाला तो इथे. वर आलेल्या रोपांना ऊन आणि कोरडी होत जाणारी माती हवी, तर शेजारच्या न उगवलेल्या बियांना सतत ओल. ट्रे ओला ठेवला की रोपाचा देठ मातीलगत काळा, दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. पाणी आवरलं की उरलेलं बी सुकतं. एकाच ट्रेमध्ये दोघांचं भागत नाही. शिवाय बियांची रोपं मूळ झाडासारखी निघतीलच असं नाही. ‘ग्रोसो’सारख्या संकरित जातींना तर रुजणारं बीच धरत नाही.

कटिंगचीही सगळी जगत नाहीत, हे खरं. तरी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत फूल न धरलेला, बुडाशी जरा कडक झालेला आठ-दहा सेंटिमीटरचा शेंडा पेराखाली, म्हणजे पानं फुटतात त्या गाठीच्या खाली कापावा, खालची निम्मी पानं काढावीत आणि जाडसर वाळू, परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) व थोड्या कोकोपीटमध्ये खोचावा. चार-सहा आठवड्यांनी हलकेच ओढून पाहायचं. काडीने धरून ठेवलं की मुळं आली. वर प्लॅस्टिकची पिशवी घालत असाल तर ती रोज थोडा वेळ काढून ठेवा, नाहीतर पानं काळी पडतात. जम्मूत भद्रवाहकडे शेतकरीही लागवडीला कलमांची रोपंच वापरतात.

भरपूर रोपं हवी असतील आणि धीर असेल तर बी जरूर पेरा. दोन-चार कुंड्यांसाठी मात्र मी कटिंगच सुचवेन, तेही आपल्या उकाड्यात इंग्लिशपेक्षा बरं तगणाऱ्या, दातेरी पानांच्या फ्रेंच लॅव्हेंडरचं. नर्सरीतून मूळ झाड आणताना फुलांनी भरलेलं टाळा, बिनफुलांचे कोवळे शेंडे जास्त असलेलं निवडा.