दत्तक प्रक्रियेचा आमचा अनुभव: चार तारे, आणि त्यातले दोन बालकल्याण समितीचे

लेक आता शाळेत जाते, म्हणून निवांतपणे लिहितेय.

2018मध्ये कारा म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या केअरिंग्ज पोर्टलवर नोंदणी केली. फॉर्म सोपा आहे, आपला प्रतीक्षा क्रमांक आपल्याला दिसतो. होम स्टडीला, म्हणजे आमच्या घराची-माणसांची पाहणी करायला आलेल्या ताईंनी सासूबाईंशी वेगळं बोलायचं म्हटलं, तेव्हा मी धास्तावले होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या मांडीवर नात कधी देताय?"

मांडीवर यायला चार वर्षं लागली. मार्च 2022मध्ये मेसेज आला: अडीच वर्षांच्या मुलीचा फोटो, तिचा बाल अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, आणि होकार कळवायला 48 तास. वैद्यकीय अहवाल पाच महिने जुना निघाला. संस्थेला दोनदा फोन केल्यावर ताजा मिळाला. मुदत 48 तासांचीच असताना हे व्हायला नको होतं. एक तारा त्याचा कापला.

आता मुख्य गोष्ट. ती सापडलेली मुलगी आहे. कुठे, कशी, ते ती मोठी झाल्यावर तिचं तिने सांगावं. पण अशा मुलाचा निर्णय कसा होतो, हे मला माहीत नव्हतं. मूल आधी बालकल्याण समितीपुढे आणतात. पहिला प्रयत्न ते स्वतःच्या घरी परत जावं हाच असतो. पोलीस तपास करतात, वर्तमानपत्रात फोटोसह निवेदन देतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने, त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिने. आईने स्वतः समितीपुढे मूल सोपवलं असेल, तर तिलाही फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्यानंतरच ते मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरतं.

वाट बघताना या मुदतींचा मला राग यायचा. मूल संस्थेत झुरतंय, आम्ही इथे, मग चौकशी कसली? फाइलमध्ये त्या निवेदनाचं कात्रण पाहिलं आणि मी गप्प झाले. तिच्यासाठी कोणी येतंय का, हे खरोखर पाहिलं गेलं होतं. उद्या तिने विचारलं, "मला कोणी शोधलं का?" तर माझ्याकडे दाखवायला कागद आहे. कोणाची तरी लेक आम्ही घाईने उचलून आणली नाही, याची खात्रीही त्याच कागदाने दिली.

न्यायालयाचा टप्पा मात्र जड गेला. कायद्यात अर्ज दोन महिन्यांत निकाली काढा असं आहे. आमचे दहा गेले. 1 सप्टेंबर 2022पासून दत्तक आदेशाचे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे गेले आणि आमची फाइल कोणाची, हेच कोणी सांगेना. जानेवारी 2023मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित अर्ज तिकडे वर्ग करायला अंतरिम स्थगिती दिली, तेव्हा जीव भांड्यात पडला. तोवर लेक फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आदेशाआधीच्या तात्पुरत्या ताब्यात, आमच्याकडेच होती, मला आई म्हणत होती, आणि कागदावर मी तिची कोणीच नव्हते. सुनावणी बंद दाराआड झाली. न्यायाधीशांनी तिला विचारलं, "कोणाबरोबर आलीस?" तिने सासूबाईंचा पदर धरला.

नव्याने नोंदणी करणाऱ्यांना एक सांगते: मूल दत्तकासाठी मुक्त असल्याच्या समितीच्या प्रमाणपत्राची आणि दत्तक आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागून घ्या. जन्मदाखल्याला आदेश लागतोच, आणि प्रमाणपत्र पुढे मुलालाच दाखवायचं आहे. आमची प्रत तिच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी ठेवली आहे.