मरोळचा एअरसाइड (एअरपोर्टच्या आतल्या) ड्रायव्हिंगचा क्लास: पैसे वसूल, पण फक्त शनिवारचे

साडेतीन स्टार देतोय, त्यातले तीन एकट्या सरांचे आणि अर्धा खालच्या टपरीवरच्या कटिंगचा. क्लासचं नाव टाकत नाहीये कारण पुढे थोडं वाकडंही लिहिणार आहे, आणि तसंही कुठल्याही क्लासला गेलात तरी हेच बघून घ्या.

मी सहा वर्षं बॅगेज ट्रॅक्टर चालवला, एप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे. आता ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे त्याच्याकडे गवत कापायचं आणि लाइटींचं काम आहे, तेही रात्रीचं, म्हणजे पिकअप घेऊन टॅक्सीवेवर (विमानं रनवेला ये-जा करतात तो रस्ता) आणि कधीकधी पार रनवेच्या कडेला जावं लागतं, आणि त्यासाठी नुसतं एप्रनचं परमिट चालत नाही, वॉकीटॉकीवर टॉवरशी, म्हणजे विमानांना-गाड्यांना परवानगी देणाऱ्या कंट्रोलरशी, नीट बोलता आलं पाहिजे. सुपरवायझर म्हणाला परमिटच्या टेस्टच्या आधी कुठेतरी तयारी करून ये बाबा, म्हणून शुक्र-शनि-रवि असे तीन दिवस, साडेचार हजार भरले.

शुक्रवार फुकट गेला. बंद पडणारा प्रोजेक्टर आणि स्लाइडवरचं इंग्रजी जसंच्या तसं वाचून दाखवणारा एक पोरगा. रनवे इन्कर्जनची व्याख्या पाच वेळा लिहून घेतली. साध्या भाषेत काय तर विमानं उडा-उतरायच्या राखीव पट्ट्यात विमान, गाडी किंवा माणूस जिथे असायला नको तिथे असणं, मग टक्कर होवो ना होवो, घुसलात की घुसलात. २०१९ मध्ये आपल्या मुंबई एअरपोर्टवर एक माणूस भिंत चढून आत आला आणि थेट विमानासमोर जाऊन उभा राहिला होता ना, तेही त्यातच आलं. एवढं पंधरा मिनिटांत होतं, त्याला दिवस कशाला लागतो?

शनिवारी सर आले. टॉवरमधून रिटायर झालेले, हाफ शर्ट, हातात पिवळ्या चिकटपट्टीचा रोल. काही न बोलता बाक मागे सरकवले आणि फरशीवर चार रेघा मारल्या, दोन सलग, दोन तुटक, आणि म्हणाले, चला, गाडी आणा. आम्ही एकेक जण हाताने स्टेअरिंग धरल्यासारखं करून चालत आलो आणि बावीस जणांतले निम्मे तरी चुकीच्या बाजूला थांबले, मी पण, सहा वर्षं एअरपोर्टवर काढून! मग सांगितलं की सलग रेघ तुमच्या बाजूला असेल तर पुढे रनवे आहे, परवानगीशिवाय चाक पुढे नाही. तुटक रेघ तुमच्या बाजूला असेल तर तुम्ही रनवेवरून बाहेर पडताय, तिथे रेंगाळायचं नाही, अख्खी गाडी चारही रेघांच्या पार न्यायची आणि मगच टॉवरला सांगायचं की रनवे सोडला. सलग दिसली पाय ब्रेकवर, तुटक दिसली निघ बाहेर. हे आता मरेपर्यंत विसरणार नाही.

बाजूला लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरात रनवेचा नंबर असतो आणि जमिनीत लाल दिव्यांची ओळ असते, तिला स्टॉप बार म्हणतात. लाल पेटलेली असताना रेडिओवरून जा म्हटलं तरी जायचं नाही, विचारायचं. आणि लाल विझली पण कोणी काही बोललंच नाही, तरी जायचं नाही. दोन्ही जुळलं तरच.

दुपारी रीडबॅक, म्हणजे टॉवरने सांगितलेलं परत म्हणून दाखवणं. सरांनी एकाला टग (विमान ओढणारी गाडी) सात नाव दिलं, दुसऱ्याला टग सतरा, दोघांना रेघेच्या अलीकडे उभं केलं आणि पाठ फिरवून पुटपुटल्यासारखं म्हणाले, टग सतरा, क्रॉस. सातवाला ओके सर म्हणत बिनधास्त रेघ ओलांडून गेला. सगळे हसले, सर नाही हसले. म्हणाले, ओके सर म्हणजे काय? कोण ओके, काय ओके? रॉजरचा अर्थसुद्धा फक्त ऐकलं एवढाच, काय ऐकलं ते कुठे कळतंय. स्वतःचं नाव, रनवेचा नंबर, थांबायचं की ओलांडायचं, हे सगळं परत बोलून दाखवायचं, म्हणजे चुकीचं ऐकलं असेल तर समोरचा तिथेच पकडेल.

मग टोकियोच्या हानेडा एअरपोर्टचं सांगितलं, २ जानेवारी २०२४. कोस्ट गार्डच्या विमानाला टॉवरने सांगितलं तुमचा नंबर पहिला, होल्डिंग पॉइंटपर्यंत (रनवेच्या अलीकडच्या थांबायच्या रेघेपर्यंत) या. त्यांनी शब्द बरोबर परत म्हटले आणि तरी रनवेवर जाऊन उभे राहिले, मागून प्रवासी विमान उतरलं. त्यातले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले, कोस्ट गार्डचे सहापैकी पाच गेले. म्हणजे रीडबॅक बरोबर असूनही डोक्यात दुसरंच चित्र असू शकतं. मी विचारलं, मग रीडबॅकचा उपयोग काय? म्हणाले, म्हणूनच रेघ आहे, पाटी आहे, लाल दिवा आहे, एक भोक पडलं तर दुसऱ्याने अडवावं म्हणून.

टेनेरिफला रनवेवर दोन विमानं धडकून गेलेले ५८३ सगळ्यांनाच माहीत असतात, पण मला लागलं ते मिलानच्या लिनाते एअरपोर्टचं. ८ ऑक्टोबर २००१, दाट धुकं, छोटं विमान चुकीच्या टॅक्सीवेला लागलं आणि टेकऑफ घेणाऱ्या मोठ्या विमानासमोर आलं, ११८ मेले. जमिनीवरचं दाखवणारा रडार चालू नव्हता आणि पाट्या-खुणा धड नव्हत्या. आता माझं काम काय, तर दिवे आणि खुणाच. आत्तापर्यंत मी बल्ब बदलणं म्हणजे बल्ब बदलणंच समजत होतो.

मुंबईचंही बरंच आलं. आपले दोन्ही रनवे, ०९-२७ आणि १४-३२, एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालतो, आणि त्या एकावर डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराच्या वर विमानं उडाली-उतरली होती. आपल्या पोरांना वाटतं १४-३२ आज वापरात नाही म्हणजे रिकामा रस्ता आहे. तर नाही, झोपलेला रनवे पण रनवेच, परवानगी लागतेच. आणि जून २०२४ मध्ये इथेच एक विमान उडत असताना मागून दुसरं त्याच रनवेवर उतरलं, तो व्हिडिओ तुम्ही पण फॉरवर्ड केला असेल.

वाट चुकली तर? लगेच टॉवरला सांगायचं, शेवटचं कुठे होतो तेही, आणि रनवे-टॅक्सीवे सोडून लांब जाऊन थांबायचं, नाक कापलं जाईल म्हणून गप्प बसायचं नाही. रेडिओ मेला तर टॉवरकडे बघायचं, तिथून दिवा दाखवतात: लाल स्थिर थांबा, लाल लुकलुक तिथून बाजूला व्हा, हिरवी लुकलुक ओलांडा, पांढरी लुकलुक रनवे-टॅक्सीवे सगळं सोडून बाहेर पडा.

रविवारबद्दल राग आहे. सराव टेस्टला बावीस जणांत एक वॉकीटॉकी, माझ्या वाट्याला चार मिनिटं. रात्रीचं, पावसातलं काहीच नाही, जुलैमध्ये वायपर फुल चालू असताना त्या पिवळ्या रेघा दिसतात का कोणी सांगितलं नाही. सगळ्यात मोठं म्हणजे जाहिरातीत परमिटची गॅरंटी लिहिलेली, आणि हातात दिलं शिक्का मारलेलं सर्टिफिकेट, ज्याला आत काही किंमत नाही. परमिट एअरपोर्टवालेच देतात, तुमच्या कंपनीमार्फत, त्यांचं स्वतःचं ट्रेनिंग आणि टेस्ट घेऊन. नोकरी नसताना निव्वळ परमिट मिळेल म्हणून कोणी पैसे भरू नका, माझ्या बाजूला बसलेल्या पालघरच्या पोराने भरले होते.

धाकट्या भावाला पाठवायचंय म्हणून फक्त शनिवारचे पैसे घेता का विचारलं, काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या पूर्ण कोर्सच घ्यावा लागेल. संध्याकाळी सरांचाच फोन आला, म्हणाले त्याला शनिवारी साडेनऊला पाठव, मागच्या बाकावर बसू दे, पैशाचं मी बघतो. मी म्हटलं ओके सर.

पलीकडून आवाज आला, ओके नाही रे, रीडबॅक दे.