फिरस्तीच्या फोटोग्राफीसाठी स्वतःची बाइक की एसटी-रेल्वे?

नोकरी न करता फोटोग्राफीवर पोट भरायचं ठरवलं की कॅमेऱ्याखालोखाल डोक्यात येणारा खर्च म्हणजे बाइक. या धंद्यात नव्यानं उतरलेली मुलं हल्ली भेटली की हमखास विचारतात: दादा, कामासाठी राज्यभर फिरायचं तर दमदार बाइक घेऊ, की एसटी आणि रेल्वेवर भागेल? मी दोन्ही करून पाहिलं आहे. आधी बरीच वर्षं बाइकवर फिरलो, आता बहुतेक वेळा एसटीनं आणि रेल्वेनं फिरतो. किती सीसी, किती ॲव्हरेज, कोणता टायर यातलं तुम्हाला माझ्याहून जास्त कळत असेल, त्यामुळे त्यात शिरत नाही. कामात काय फरक पडतो तेवढंच सांगतो.

आधी बाइकबद्दल बोलू, कारण तिची बाजू अजिबात लंगडी नाही.

राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळांवरची, कातळशिल्पं घ्या. २०२२मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आणि तेव्हापासून त्यांच्या फोटोंबद्दल विचारणा वाढली. पण जांभ्यात कोरलेल्या या रेषा फार खोल नाहीत. सूर्य डोक्यावर आला की कशेळीचा तो भला मोठा हत्ती कातळात विरून जातो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की मात्र रेषारेषेत सावली धरते आणि आकार उठून येतो. म्हणजे काम दिवसाच्या दोन टोकांना, आणि ठिकाणं विखुरलेली. बारसू एकीकडे, देवाचे गोठणे दुसरीकडे, उक्षी तर पार रत्नागिरीच्या पलीकडे. राजापूर रोड स्टेशनावर उतरलात तरी राजापूर गाव चांगलंच लांब राहतं. अशा कामाला एसटीचं वेळापत्रक पुरं पडत नाही. तुम्ही पोहोचता तेव्हा ऊन कडक झालेलं असतं आणि चांगला उजेड यायच्या आत परतीची गाडी निघते. इथं बाइकच हवी.

भिगवणचंही तसंच. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी टिपायचे तर उजाडताना कुंभारगावच्या काठावर होडीत बसलेलं असायला हवं. हिवाळ्यात अंधारात बाइकवर बोटं गारठतात, पण माणूस वेळेवर पोहोचतो. शिवाय वाटेत थांबता येतं. एसटीच्या खिडकीतून दिसलेली चौकट मागे पडते ती पडतेच, बेल मारून गाडी थांबवायला सांगणार कुणाला? हरिहरेश्वरकडून वेळासला कासवांची पिल्लं पाहायला निघालात आणि बागमांडल्याच्या फेरीबोटीत बाइकसकट चढलात तर दिवसाचे कितीतरी तास वाचतात.

शहरातल्या रोजच्या बातमीच्या कामाला तर स्वतःचं वाहन लागतंच. भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावाला दिल्लीत सायकलवर कॅमेरा घेऊन फिरायच्या. तेव्हाची सायकल म्हणजे आजची स्कूटर समजा, गरज तीच आहे. पुणे-मुंबईत एका दिवसात तीन ठिकाणी शूट असेल तर हा लेख इथंच बाजूला ठेवा आणि सरळ गाडी घ्या.

आता सामानाचं. दोन बॉडी, दोन-तीन लेन्स, फ्लॅश, लॅपटॉप, चार्जर एवढं पाठीवर घेऊन खराब रस्त्यानं दिवसभर बाइक चालवली की कंबर आणि मान दोन्ही बोलायला लागतात. बॅग मागच्या सीटवर बांधली तर कंबर सुटते, मग धक्के लेन्स खातात. आयफोनच्या बाबतीत ॲपलनंच २०२१मध्ये सांगितलं होतं की मोठ्या इंजिनाच्या बाइकच्या हँडलला फोन थेट लावला तर कंपनानं कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. मोठ्या कॅमेऱ्यांबद्दल मी माझ्या अनुभवावरूनच बोलू शकतो. बाइकवर होतो तेव्हा एका झूमचे माउंटचे स्क्रू पुन्हा पुन्हा सैल व्हायचे. एसटीत बॅग मांडीवर असते, तेव्हापासून त्या लेन्सची तक्रार आलेली नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, चांगल्या फोमच्या पेटीनं फरक पडतही असेल. पावसाळ्यात दोघांतही पाणी लागतंच. लाल गाडीची खिडकी कधी नीट बंद होते, कधी नाही, म्हणून बॅगेवर कव्हर दोन्हीकडे हवं.

काम संपल्यानंतरच्या तासांचा विचार कुणी फारसा करत नाही. परगावच्या लग्नाचं शूट रात्री उशिरा आटोपतं, डोळे चुरचुरत असतात, आणि त्याच डोळ्यांनी हायवेवर समोरच्या ट्रकचे दिवे झेलत घरी यायचं. रेल्वेत वरच्या बर्थवर मी कार्डं कॉपी करून घेतो, जमलं तर निवड उरकतो आणि झोपतो. सकाळी क्लायंटला पहिले पंधरा-वीस फोटो पाठवून झालेले असतात. बाइकवर हे होणं शक्य नाही.

पण माझं पारडं झुकलं ते यांतल्या कशानंही नाही. बाइकच्या एका गोष्टीचा मला खरोखर वैताग आला: बाइक जिथं लावली तिथं परत यावं लागतं.

ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते. पण आपल्याकडचं फोटोग्राफीचं सगळ्यात चांगलं काम चालत्या गोष्टींचं आहे. ज्ञानोबा माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस घ्या. दिवे घाटाचा रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद असतो, म्हणून बाइक वडकीला, पायथ्याशी लावायची. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, वळणावळणावर पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सगळीकडे पांढऱ्या टोप्या. वरून घाटाचा फोटो सगळेच काढतात, तो मिळतोच. खरं काम त्याच्या पुढं असतं. सासवडला पोहोचल्यावर राहुट्या उभ्या राहतात, टँकरपाशी रांगा लागतात, एखादी आजी पायाच्या फोडांना खोबरेल लावत बसते, दिंडीच्या ट्रकमागे पिठल्याचं आधण चढतं. मग पालखीतळावर समाज आरती होते. चोपदारानं दंड उंचावला की शेकडो दिंड्यांचे टाळ एका क्षणात थांबतात. कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारलं जातं आणि मग आरती सुरू होते.

बाइक होती त्या सगळ्या वर्षांत ही समाज आरती मला एकदाही नीट टिपता आली नाही. कारण घाट चढून वर आलो की मनात हिशोब सुरू व्हायचा: आता मागे फिरलो नाही तर अंधारात घाट उतरावा लागेल, आणि तोही अख्ख्या गर्दीच्या उलट दिशेनं. सगळे माउली पुढं चाललेत आणि मी एकटा त्यांना धक्के देत खाली चाललोय, पाठीवर बॅग, हातात हेल्मेट. चांगला उजेड असायचा तेव्हा मी फोटो काढायचा सोडून गाडी गाठत असायचो.

हेच इतरत्रही. जेजुरीला सोमवती अमावस्येला बंदोबस्तामुळे गाडी गावाबाहेरच लावावी लागते. पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला उतरते, तुम्ही तिच्याबरोबर नदीकाठी, आणि गाडी भलत्याच बाजूला. हेल्मेटमध्ये, जॅकेटच्या खिशात, चावीच्या भोकात भंडारा भरलेला असतो ते वेगळंच. राजगड-तोरणा करायचा तर गुंजवण्यातून चढून वेल्ह्यात उतरण्यात त्या वाटेची मजा आहे. गाडी गुंजवण्यात असेल तर तो ट्रेक होतच नाही, राजगडावरून मागे फिरावं लागतं. वेल्ह्यातून स्वारगेटची एसटी मिळते.

पुढच्या मुक्कामांबद्दल एक उपयोगाची गोष्ट. माउलींच्या वाटेवरची जेजुरी, वाल्हे आणि लोणंद ही तिन्ही गावं पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत, आणि पंढरपूर कुर्डुवाडी-मिरज मार्गावर. म्हणजे एका स्टेशनावर उतरायचं, पालखीबरोबर चालायचं, दुसऱ्या स्टेशनावरून परतायचं. लोणंदहून पुढं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तिथवरही चालत जाता येतं. संध्याकाळी परत जायचं की दिंडीतच पडायचं हे तिथं पोहोचल्यावर ठरवता येतं. गाडीची काळजी डोक्यातून गेल्यावर माझ्या कामाचा पोत बदलला असं मला वाटतं. पुरावा काही देता येणार नाही, जुन्या-नव्या फोल्डरांमधला फरक मला दिसतो एवढंच.

एसटीचे त्रास लपवत नाही. फेरी रद्द होते, आणि कळतं ते स्टँडवर तास काढल्यावर. मागच्या चाकावरच्या सीटवर लेन्सला बाइकइतकेच धक्के बसतात. २०२१-२२च्या संपात कित्येक महिने लाल गाडी नीट रस्त्यावर नव्हती, तेव्हा बाइकनंच तारलं हे मी विसरलेलो नाही. स्टँडपासून खरं ठिकाण दूर असेल तर वडाप, म्हणजे शेअर जीप शोधा, मराठवाड्यात-विदर्भात काळीपिवळी, गोव्यात पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारा. माशेलचा चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, करायला गेलो तेव्हा पणजीहून बसनं गेलो, आणि परतताना चिखलानं माखलेली माझी बॅग मांडीवर घेऊन पायलटनं निमूट स्टँडवर सोडलं.

माणसं एसटीतच भेटतात, हेही खरं. चौकशीच्या खिडकीतल्या कंट्रोलरला फाटे, यात्रा, बंद पडलेले पूल सगळं ठाऊक असतं. मंडणगडच्या स्टँडवर एकांनी मला मुक्कामी गाडीचं गणित समजावलं होतं. संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, पहाटे तीच गाडी तालुक्याला परतते. फोटोग्राफरला यापेक्षा सोयीचं काय हवं? सूर्यास्ताला गावात, रात्री कुणाच्या तरी ओसरीवर, उजाडताना गाव जागं होताना हाताशी. रात्री कंडक्टरबरोबर जेवलात की सकाळी गावातली माणसं तुम्हाला पाहुणा समजून बोलतात. बाइकवरून आलेल्या जॅकेटवाल्याकडे आधी सगळे गाडीची किंमत विचारायला येतात, आणि चेहरे मोकळे व्हायला वेळ लागतो.

पैशांचं थोडक्यात. लांबच्या कामाला एसटी-रेल्वे स्वस्त पडते यात वाद नाही. टायर, चेन, सर्व्हिसिंग धरलं तर फरक वाढतोच. आमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. क्लायंट तिकिटाचे पैसे मुकाट देतो, पण किलोमीटरमागे दर लावला की घासाघीस सुरू होते. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना चार आणि सात दिवसांच्या पासात मिळते, आणि यात्रांच्या दिवसांत ती मला फार उपयोगी पडली आहे. महिलांना मार्च २०२३पासून तिकीट निम्मं आहे.

तरीही माझी एक सहकारी बाइक सोडायला तयार नाही, आणि तिचं म्हणणं मला पटतं. शेवटची गाडी चुकली तर रात्री निर्मनुष्य स्टँडवर मी बसू शकतो, ती बसणार नाही, आणि तिनं बसावं असं मीही म्हणणार नाही. तिच्यासाठी स्वतःची गाडी म्हणजे निघायची वेळ स्वतःच्या हातात असणं. हे कारण माझ्या वैतागापेक्षा मोठं आहे. तुमचं तसं असेल तर माझ्या मताला फार वजन देऊ नका.

मधला मार्ग म्हणून बाइक रेल्वेनं पाठवता येते. मी तेही केलं आहे. पेट्रोल पूर्ण काढायचं, गोणपाटात बांधून घ्यायची, आरसीची प्रत आणि ओळखपत्र द्यायचं, उतरल्यावर पुन्हा पेट्रोल शोधायचं. महिनाभर एकाच भागात राहणार असाल तर ठीक, दोन-चार दिवसांच्या कामाला हा उपद्व्याप परवडत नाही. त्यापेक्षा रेल्वेनं जाऊन तिथंच कुणाची तरी स्कूटर भाड्यानं घेतलेली बरी. कातळशिल्पांचं काम आता मी असंच करतो, रत्नागिरीपर्यंत रेल्वे आणि पुढं घरमालकाची स्कूटर.

तर शहरातली लग्नं, प्रॉडक्ट, बातम्या, पहाटेचे पक्षी हे तुमचं मुख्य काम असेल तर बाइक घ्या. वाऱ्या, जत्रा, तमाशाचे फड, घाटवाटा, माणसांच्या लांब चालणाऱ्या गोष्टी करायच्या असतील तर मी म्हणेन, ते पैसे सध्या एका चांगल्या लेन्सवर घाला. निदान बाइकचं बुकिंग करण्याआधी चार दिवसांचा पास काढून एखादी जत्रा करून या. पासाचे सध्याचे दर आणि तो कोणकोणत्या गाड्यांना चालतो हे स्टँडवर विचारून घ्या. आणि सीट धरताना मागचं चाक टाळा, मधली घ्या.